गॅलिलिओच्या लेकीने बापाची शिक्षा स्वतःकडे का घेतली?

चोपड्याचा मास्तर:
२८ फेब्रुवारीला आठवीच्या वर्गात गॅलिलिओवर बोलायचंय. खटला पोरांना सांगता येतो: जून १६३३, रोम, ६९ वर्षांचा म्हातारा चर्चच्या कोर्टापुढे गुडघे टेकून 'पृथ्वी फिरते' हे मत सोडतो. मी अडकलो शिक्षेपाशी. नजरकैद तर होतीच, वर तीन वर्षं आठवड्यातून एकदा पश्चात्तापाची सात स्तोत्रं म्हणायची. ती म्हणायचं काम थोरल्या मुलीने, नन असलेल्या मारिया चेलेस्तेने, स्वतःहून अंगावर घेतलं. आता बाई श्रद्धाळू. मग तिच्या मते बाप चुकला होता, की चर्च? पोरी विचारतीलच.

अमळनेरकर:
मास्तर, तिची पत्रं बघा, १२४ उरलीत. बाप तिकडे अडकलेला, आणि ही फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीच्या मठात बसून त्याचं घर चालवतेय. वाइनची पिंपं, खेचराचे नखरे, बागेतली लिंबं. एका पत्रात लिहिते, खुराड्यात दोन कबुतरं तुम्ही येऊन खाल म्हणून वाट बघतायत! स्तोत्रंही मला त्याच कामांच्या रांगेतली वाटतात. बापाची कॉलर शिवली, तशी शिक्षाही उरकली.

केळी_रावेर:
गोड गोड नका सांगू. तेरा वर्षांच्या पोरीला मठात घातलं कोणी? बापानेच. आईबापाचं लग्न झालेलं नाही, म्हणून पोरींची लग्नं जमणं अवघड. धाकटीही तिथेच. हेही सांगा.

चोपड्याचा मास्तर:
सांगतो भाऊ, खरं आहे ते.
अमळनेरकरांचं वाचून मागच्या श्रावणातली कानबाई आठवली, आमच्या खानदेशातला देवीचा सण. मी म्हटलं, माझ्या नावाचा नैवेद्याचा रोट करू नका, मी मानत नाही. मोठ्या काकांनी ऐकलं नाही, रोट झालाच. भाऊबंदकीत दोन दिवस अबोला. रोट टाकता येत नाही, बाहेरच्याला देता येत नाही. माझी बीएस्सीवाली पोरगी तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून तो वाळका रोट दुधात कुस्करून खात होती. म्हटलं, तू तर मानत नाहीस ना? म्हणे, "पप्पा, तुमच्या वाटचा आहे, संपवायला नको?" आणि ताटली घासून ठेवली.

अमळनेरकर:
मग उत्तर घरातच होतं की. फक्त एवढं सांगा, गॅलिलिओ डिसेंबरात घरी परतला आणि २ एप्रिल १६३४ ला ती गेली. ३३ वर्षांची, हगवणीने.

चोपड्याचा मास्तर:
म्हणजे चार महिनेसुद्धा नाही.
कबुतरांपासून सुरुवात करतो.