एक दिवस, अख्खी मुंबई : तुमचे अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात जालन्याहून मावसभाऊ, वहिनी आणि त्यांचा सहावीतला मुलगा आले होते. हातात एकच दिवस, रात्रीच्या देवगिरीने परत. मी नेहमीची यादी काढली : गेटवे, राणीची बाग, हाजी अली, चौपाटी. पण गाडी सीएसएमटीलाच अडली. पोरगा स्टेशनाबाहेर उभा राहून दगडातली जनावरं मोजायला लागला. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला, एवढं मला ठाऊक होतं; तेवढं सांगून भाव खाल्ला. मग त्याला मोर सापडला, माकड सापडलं. ही इमारत बांधायला १८७८ ते १८८८, दहा वर्षं लागली. मी बावीस वर्षं इथे रोज उतरतोय आणि इंडिकेटरच्या वर कधी नजर गेलेली नाही!

राणीची बाग राहिली, हाजी अली बसच्या खिडकीतून झालं. वहिनी जरा हिरमुसल्याच. तुम्ही अशी मुंबई दाखवली असेल, पाहिली असेल, तर लिहा. फसलेले दिवस आधी येऊ देत.

घाटावरची
आमची सातवीची सहल, लाल एसटीतून. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. हँगिंग गार्डनला सरांनी सांगितलं, "या हिरवळीखाली पाण्याची टाकी आहे, शहराला इथून पाणी जातं." कुणाचा विश्वास बसेना. आम्ही चाळीसजणी गवतावर आडव्या पडून जमिनीला कान लावून ऐकत होतो. माळी धावत आला, सगळ्यांना ओरडून उठवलं. सर खरंच सांगत होते, बाग जलाशयावरच केलेली आहे. मागच्या वर्षी लेकीला घेऊन गेले. म्हातारीचा बूट केवढासा निघाला हो! माझ्या आठवणीत तो दुमजली वाड्याएवढा होता.

ठाणेकर
फसलेला दिवस आहे माझ्याकडे. नागपूरहून सासू-सासरे आले, घारापुरीला न्यायचं ठरवलं. गेटवेला पोचल्यावर कळलं, लेणी सोमवारी बंद. वार सोमवारच. बायकोने माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतंय. शेवटी लाँचने बंदरातच एक फेरी मारली. सासूबाई पहिल्यांदाच समुद्रात आलेल्या. पदर डोक्यावर घट्ट धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, मागे वळा, गेटवेसकट फोटो काढतो." त्या काही वळल्या नाहीत. "ते दगडाचं राहू दे, हे बघू दे." सासऱ्यांनी मात्र परतल्यावर कमानीवरचा मजकूर अक्षर न् अक्षर वाचला. राजा-राणी आले १९११ मध्ये आणि कमान उघडली १९२४ मध्ये, हे कळल्यावर म्हणाले, "पाहुणे गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव!"

(बुधवारी राणीची बाग बंद असते. तेही शिकलोय, कसं ते विचारू नका.)

जुना गिरगावकर
माझी एक तक्रार आहे. 'मुंबई दर्शन'च्या खाजगी बसने पुण्याच्या भाच्यांना नेलं होतं. हुतात्मा चौकात गाडी क्षणभरही थांबली नाही. गाइड म्हणाला, "लेफ्ट साइड, फ्लोरा फाउंटन, १८६४," आणि पुढे लगेच एका नटाच्या बंगल्याची जाहिरात. शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार उभे आहेत, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. माझे वडील २१ नोव्हेंबर १९५५ च्या मोर्च्यात याच चौकात होते. गोळीबार सुरू झाला तेव्हा एका इराण्याच्या हॉटेलात शिरले म्हणून वाचले. चहा न पिता बाहेर कसं पडायचं, म्हणून त्या गडबडीतही त्यांनी चहाचे पैसे ठेवले म्हणे. मी बसमध्येच उठून मोठ्याने हे सगळं सांगायला सुरुवात केली. गाइड वैतागला, पण मागच्या सीटवरचं इचलकरंजीचं जोडपं पुढे येऊन बसलं. तर आपल्या माणसांना आपणच न्या, आणि त्या चौकात पायी न्या.

डबलडेकरप्रेमी
बेस्टची उघड्या टपाची 'निलांबरी' कोणाला आठवते? ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. रात्री वरच्या मजल्यावरून राजाबाई टॉवर पाहिला होता. २८० फूट उंच, पण रस्त्यावरून झाडांत अर्धा हरवतो. वरून घड्याळ थेट समोर आल्यासारखं वाटलं. फांद्या आल्या की कंडक्टर ओरडायचा, "डोकी खाली!" आणि सगळी बस एकदम वाकायची.

धागाकर्ता
गिरगावकर काका, पुढच्या वेळी तुम्हीच चला आमच्याबरोबर. पुतण्याचा काल फोन आला होता. देवगिरी सुटायच्या आधी त्याने अजून एक खार शोधली म्हणे. मी उद्या सकाळी उतरल्यावर बघणार आहे.