बँड स्टेजवर येताना वाजणारी टेप: टाइमपास का कार्यक्रमाचाच भाग?

पेठेतला_बेसिस्ट:
परवा ग्रुपवर एकानं पोस्ट टाकली की बँडनी गप स्टेजवर यावं आणि वाजवायला लागावं, आधी अंधार करून दुसऱ्याचंच म्युझिक लावायचं म्हणजे तिकिटाचे पैसे घेऊन वाट बघायला लावणं आहे. खाली ढीगभर लाइक. मला ते अजिबात पटलं नाही आणि दोन ओळीत सांगून होण्यासारखं नाही म्हणून इथं लिहितोय.

मेटालिका, तो अमेरिकेतला मेटल बँड, १९८३ पासून सिनेमाचा संगीतकार मोरिकोनेचं 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड' लावून येतात. १९६६ च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' पिक्चरमधलं, त्यातला टुको कबरस्तानात सोन्याची कबर शोधत वेड्यासारखा पळतो तिथलं. २०११ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर मी होतो. तोवर कोण पाण्याची बाटली शोधतंय, कोण फोनवर, कोण मागच्याशी भांडतंय. पहिले सूर आले आणि अख्खं मैदान ते तोंडानं म्हणायला लागलं, त्यात शब्द नाहीतच, नुसता बाईचा आवाज आहे, आणि हजारो दाढीवाले तो आवाज लावतायत, बँडचा अजून पत्ता नाही! विखुरलेली माणसं तिथं एक झाली. आयर्न मेडन या बँडचं पण तेच, यूएफओ या दुसऱ्या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं की जुन्या पब्लिकला कळतंय की आता आलेच. १९८४ च्या टूरला तर चर्चिलचं १९४० चं युद्धातलं भाषण लावायचे आणि त्याला जोडून स्वतःचं 'एसेस हाय', लढाऊ विमानांचं गाणं. भाषण काढा, गाणं निम्मं होतंय.

खासबाग_कट्टा:
भावा सगळं खरं, पण टेप ती टेप. आपल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात पैलवान उतरताना हलगी-घुमकं लागतंय ते कोण रेकॉर्ड करून लावत नाही. हलगीवाल्याची नजर पैलवानावर असत्या. त्यानं शड्डू ठोकला की हलगी चढत्या, कुस्ती रेंगाळली की तोच ठेका वाढवून दोघांना रेटतोय. तुमची टेप गिटारवाल्याची तार तुटली तरी तेवढीच वाजणार.

मिक्सरमागचा:
मी साउंडवर बसतो, ऑर्केस्ट्रा आणि कॉलेजची गॅदरिंग. एक गोष्ट कुणी बोलतच नाही. साउंडचेक दुपारी रिकाम्या हॉलला होतो, संध्याकाळी खुर्च्या भरल्या की माणसांची अंगं आवाज शोषतात, ट्रेबल म्हणजे बारीक, तीक्ष्ण आवाज मरतो, सगळं बसकं ऐकू येतं. ते पहिल्या गाण्यात दुरुस्त करत बसलं तर पहिल्या गाण्याची वाट लागते. ओळखीची टेप त्याच स्पीकरवर मिनिटभर जरी वाजली तरी माझा ईक्यू, म्हणजे जाड-बारीक आवाजाचा तोल, बसतो. आणि तेवढ्यात अंधारात कोण केबल लावतोय, ड्रमर स्टूल सरकवतोय, कोण कानात इन-इअर (स्वतःचं वाजवणं ऐकायचे इअरफोन) घालतोय. हे शांततेत करून बघा, शिट्ट्या चालू होतात.

नांदी_प्रेमी:
मग मैफलीत कसं चालतं हो? गायक अल्लादिया खाँसाहेबांचं वास्तव्य ज्या गावात होतं त्या गावात आपण बोलतोय. तानपुरे श्रोत्यांसमोर जुळवतात, तबला तिथंच ठोकून घेतात, आणि त्या जुळण्यातच माणूस शांत होतो. संगीत नाटकात तिसरी घंटा झाली की नटमंडळी स्वतः नांदी म्हणतात. गायक एल्विस प्रेस्ली १९७० नंतर स्ट्राउसचं 'आल्सो श्प्राख झाराथुस्त्रा' घेऊन यायचा, पण ते त्याचा ऑर्केस्ट्रा समोर वाजवायचा. तुमच्याच मेटालिकानं १९९९ ला सॅन फ्रान्सिस्को सिंफनी या ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम केला तेव्हा मोरिकोने वादकांनीच वाजवला. म्हणजे जमतं. रोज टेप लावायची ही सोय आहे, कला नाही.

पेठेतला_बेसिस्ट:
सिंफनी काय बसमध्ये घालून गावोगाव न्यायची? कोण देणार त्याचे पैसे?

खासबाग_कट्टा:
पैशाचं काढलंच तर बोलतो. गणपतीत डॉल्बीला वर्गणीतनं पाहिजे तेवढा पैसा निघतोय आणि हलगीवाल्याला हजार रुपये वाढवून द्यायचे म्हटलं की मीटिंग. आमच्या गल्लीतला एक म्हातारा, जन्म गेला हलगीत, गेल्या वर्षी मंडळाच्या ट्रॅक्टरपुढं वाजवत होता, मागनं डॉल्बी चालू केला, त्याला स्वतःची हलगी ऐकू येईना. थांबला आणि घरी गेला. हे सगळं त्या टेपच्या नादानं झालंय.

एमएच_०९_बेस:
आलंच का डॉल्बीवर! विषय काय, चाललाय कुठं. बंगळूरला छातीत बसला की ती कला आणि महाद्वार रोडला घुसताना आमचं ठरलेलं एंट्रीचं गाणं लागून बेस छातीत बसला की तो दंगा? पोरं वर्षभर राबत्यात त्या एका रात्रीसाठी. हलगी आम्हाला पण आवडत्या, पण हजार पोरांना हलगी मागं पुरत नाही, ऐकूच जात नाही.

राजारामपुरीची_लेक:
एक रात्र कुठली? आगमन वेगळं, विसर्जन वेगळं, जयंत्या, नेत्यांचे वाढदिवस. माझी आई हार्टची पेशंट, गल्लीतनं एक मिरवणूक गेली तेव्हा खिडकीच्या काचा थरथरत होत्या, ती पलंगाची कड धरून बसलेली आणि मी तिचे कान दाबून. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद आणि रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल हा नियम आहे, कागदावर. जानेवारी २०२५ ला नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेला मी गेलेली, ते जॉन विल्यम्सचं 'ई.टी.'चं संगीत लावून येतात, माझी मुलगी ढसाढसा रडली. मला मोठा आवाज चालतोय. पण तिथं प्रत्येकानं तिकीट काढलेलं असतं. माझ्या आईनं काढलं नव्हतं.

एमएच_०९_बेस:
ताई, आईंचं वाईट वाटलं, खरंच. दवाखान्यापुढं आणि आजारी माणसाच्या दारात बंद करायला पाहिजे, एवढं मानतो. पण सगळ्या पोरांना एकाच तराजूत घालू नका, आमच्यातलीच पोरं २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात बोटीतनं माणसं काढत होती.

खासबाग_कट्टा:
पुराचं इथं काय काढतोस? पुरात सगळं कोल्हापूर राबलंय, हलगीवाला पण राबलाय.

मिक्सरमागचा:
दोघं जरा दमानं घ्या. डॉल्बीचा वेगळा धागा काढा.

पेठेतला_बेसिस्ट:
नांदी_प्रेमी, तुमचं एक राहिलंय. नांदीत नट स्वतःचं कौतुक करतात का? देवाला नमन करतात. तमाशात पण पहिला गण. मग टेप दुसऱ्याची आहे म्हणून नावं का ठेवता? स्वतःचं वाजवायच्या आधी मेडन यूएफओ लावतात, मेटालिका मोरिकोने लावतात, म्हणजे ज्यांचं ऐकून मोठे झालो त्यांचं आधी. स्वतःचंच गाणं लावून आले असते तर मी पण तुमच्या बाजूनं भांडलो असतो.

नांदी_प्रेमी:
हे मात्र बरोबर आहे, नाइलाजानं म्हणतो. पण नमन स्वतःच्या तोंडानं करायचं असतं. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा आम्ही बाहेर रस्त्यावर उभे होतो, मी तिथं लहानपणापासून नांदी ऐकलेली आहे. त्या स्टेजवर तुम्ही कधी याल तेव्हा मोरिकोने लावा, काही म्हणणार नाही, पण वाजवून या.

पेठेतला_बेसिस्ट:
चौघांच्या बँडमध्ये तो बाईचा आवाज कोण लावणार?

राजारामपुरीची_लेक:
माझी मुलगी गाते. विचारून सांगते.

खासबाग_कट्टा:
आणि हलगीवाला घेणार असाल तर त्याचे पैसे आधी ठरवा.