चार आजार, चार डॉक्टर: सगळ्या गोळ्या एकत्र कोण बघणार?

पारिजातक: आई ७२ वर्षांची. साखर, बीपी, गुडघे आणि आता किडनी. चार फायली, दिवसाला अकरा गोळ्या. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी आधीपासून होती. गुडघ्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक हे दुखणं कमी करणारं औषध सुरू केलं. ही तिन्ही औषधं एकत्र घेतली तर किडनीला इजा होऊ शकते, हे आम्हाला रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करेनाशी झाली की ते वाढतं) वाढल्यावर कळलं. एकानेही बाकीच्या फायली मागितल्या नव्हत्या. अशा रुग्णांना एकच मुख्य डॉक्टर हवा. नवी गोळी त्याला विचारूनच सुरू व्हावी.

घाटमाथा: पटत नाही. माझ्या वडिलांच्या पायांची सूज फॅमिली डॉक्टरांनी वयावर ढकलली. चार महिने गेले, मग हृदयाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हार्ट फेल्युअर ओळखलं. मध्ये आणखी एक दार कशाला? उशीर झाला की भोगतो तो रुग्णच.

तालुका_डॉक्टर: मी सरकारी दवाखान्यात रोज बीपी-शुगरचे रुग्ण बघतो. मुख्य डॉक्टर म्हणून माझं नाव खुशाल लिहा, पण अकरा गोळ्या एकमेकींशी ताडून बघायला वीस मिनिटं लागतात आणि बाहेर रांग व्हरांड्यापर्यंत असते. शिवाय हृदयाच्या डॉक्टरांची गोळी मी बंद केली आणि काही बरंवाईट झालं, तर जबाबदार कोण? आधी हे ठरवा.

पारिजातक: त्या वीस मिनिटांचे पैसे कुणीच देत नाही, हेच तर दुखणं आहे! सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून सरकारच्या आयुष्मान योजनेतल्या वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. आईचा खर्च ओपीडीचा, तपासण्यांचा आणि महिन्याच्या गोळ्यांचा. किडनी बिघडून भरती झाली की पैसे आहेत, बिघडू नये म्हणून नाहीत.

घाटमाथा: पैशांचं मान्य. गोळ्यांची यादी एका ठिकाणी असावी, हेही मान्य. परवानगी घ्यायला मात्र माझा विरोध कायम.

तालुका_डॉक्टर: ताई, तूर्त एक करा. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा, काढे-चूर्णंसुद्धा, आणि किडनीच्या डॉक्टरांपुढे ठेवा. नुसत्या फायलींवर जाऊ नका.

पारिजातक: पिशवी भरली. डायक्लोफिनॅकची अर्धी संपलेली नवी पट्टी मिळाली. बंद करून महिना झाला होता. आई म्हणाली, गुडघे फार ठणकले की मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो.