मुंबईच्या हॉलला १०० वॅटचा हट्ट कशाला?

दादरचे_डेसिबल

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात होम थिएटरचा रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) बघायला गेलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा?" माझं म्हणणं, १२ बाय १५ च्या हॉलमध्ये ५.१ साठी (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) चॅनलमागे, म्हणजे दर स्पीकरमागे, खरे ६० वॅट पुष्कळ झाले. १०० च्या नादात जाणारे पैसे सबवूफरवर घाला.

हिशेब असा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी (डेसिबल), म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डीबी आवाज. सोफा ३ मीटरवर. अंतरात साडेनऊ डीबी जातात, भिंतींमुळे ढोबळमानाने ३ परत मिळतात. सिनेमाच्या रेफरन्स लेव्हलला (थिएटरच्या प्रमाण आवाजाला) मुख्य चॅनलचे पीक, म्हणजे आवाजाची शिखरं, १०५ डीबीपर्यंत जातात. सोफ्यावर तेवढे हवे असतील तर सुमारे २८० वॅट लागतील, नाकारत नाही. पण शेजारी भिंतीला भिंत लावून राहत असताना रेफरन्सला ऐकतं कोण? कॅलिब्रेट केलेल्या (माइक लावून शून्य म्हणजे रेफरन्स असं जुळवलेल्या) रिसीव्हरवर व्हॉल्यूम मायनस १० ला आणा, २८ वॅट. मायनस १५ ला ९. आणि ६० चे १०० केल्यावर वाढतात किती? २.२ डीबी. अर्ध्या-अर्ध्या डीबीच्या रिमोटवर चार टिचक्या!

चार_ओहम

असहमत. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण त्यात टाकलेले आकडे ब्रोशरमधले आहेत.

ते ८७ बहुतेक वेळा २.८३ व्होल्टला मोजलेले असतात. ८ ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे त्याचा विजेला होणारा विरोध, इम्पिडन्स) २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, ४ ओहमला तेच २ वॅट. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरची वॅटमागची सेन्सिटिव्हिटी ८४ च, आणि तुमचे २८ वॅट झाले ५६. तुमचे "पुष्कळ" ६० तिथेच संपले. त्यात "६ ओहम नॉमिनल" लिहिलेला स्पीकरही एखाद्या फ्रिक्वेन्सीला साडेतीनपर्यंत उतरू शकतो.

दुसरं, खोक्यावरचे वॅट. मोठ्या अक्षरात १५० आणि खाली मुंगीच्या अक्षरात: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १०% डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड), एकच चॅनल चालू. ही ओळ सोडून द्या. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, दोन चॅनल चालू, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत, ही ओळ शोधा. तोच १५० वाला तिथे ८० चा निघतो. पाचही चॅनल एकदम ओढले की आणखी खाली, कारण ट्रान्सफॉर्मर सगळ्यांना मिळून एकच.

दादरचे_डेसिबल

४ ओहमचा मुद्दा मान्य, मी ८ धरले होते. पाच चॅनलचा नाही. सिनेमात पाचही चॅनल एकाच क्षणी शिखरावर असणं क्वचित; बराचसा भार सेंटरवर, म्हणजे टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरवर असतो. शिवाय रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सगळे स्पीकर "स्मॉल" करून क्रॉसओव्हर (बेस सबवूफरकडे वळवायची सीमा) ८० हर्ट्झला ठेवला की खालचा बेस सबवूफरच्या स्वतःच्या अँपवर (ॲम्प्लिफायरवर) जातो. टॉवर स्पीकर घेतले म्हणून हौसेने "लार्ज" ठेवणारेच वॅट कमी पडल्याची तक्रार करतात.

गिरगाव_वायरिंग

वॅटवर भांडताय, पण वायर बघितली का? मागच्या स्पीकरची वायर दाराच्या चौकटीवरून फिरवली की १२ मीटर सहज होते, जाऊन-येऊन २४. दीड चौरस एमएम तांब्याला मीटरमागे साधारण १३ मिलीओहम, म्हणजे ०.३ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरवर ०.६ डीबी गेले. स्वस्त वायर आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा अशी असते, तिथे जवळजवळ १ डीबी. ब्लेडने एक तार खरवडा: आत चंदेरी दिसली तर ॲल्युमिनियम. टिनचा मुलामा दिलेली तांब्याची वायर उलटी, वरून चंदेरी आणि आतून लाल, ती चांगली. लांब पल्ल्याला अडीच चौरस एमएम टाका.

आपल्या दमट हवेत उघडी टोकं काळी-हिरवी पडतात. अर्धा इंच कापून नव्याने सोला आणि बनाना प्लग लावा. रिसीव्हर वारंवार प्रोटेक्टमध्ये जात (स्वतःला वाचवायला बंद पडत) असेल तर वॅटला दोष देण्याआधी मागे टॉर्च मारा. केसाएवढी एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली सापडते.

चार_ओहम

०.६ डीबी कानाला कळणारसुद्धा नाही. सुटी तार मात्र शंभर टक्के बरोबर. आणि टीव्ही युनिटच्या बंद खणात कोंबलेला रिसीव्हर तापूनही बंद पडतो. वर चार-पाच इंच मोकळे ठेवा आणि सेट-टॉप बॉक्स त्याच्या डोक्यावर ठेवू नका.

ट्वीटर_वाचवा

कमी वॅटचा अँप ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जाळतो, एवढ्या एका कारणासाठी मोठा घ्यावा.

दादरचे_डेसिबल

अर्धं खरं. ६० वॅटचा अँप पूर्ण क्लिप होऊन (ताकद संपून लहरींची शिखरं छाटून) स्क्वेअर वेव्ह, म्हणजे चौकोनी लहर, द्यायला लागला की १२० वॅटपर्यंत जातो. त्याहून वाईट म्हणजे बेसची शिखरं छाटली जातात पण व्हॉल्यूमबरोबर वरचे सूर वाढतच राहतात, आणि ट्वीटरची सहनशक्ती मोजक्या वॅटचीच असते. पण हे होतं नॉब शेवटपर्यंत पिळल्यावर. तोच हात २०० वॅटच्या अँपवर पडला तरी ट्वीटर जातोच.

वाद नको, मोजा. २०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीच्या २० डीबी खाली रेकॉर्ड केलेला टेस्ट टोन स्टिरिओ मोडमध्ये नेहमीच्या सिनेमाच्या व्हॉल्यूमवर लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, प्रोब स्पीकरच्या टर्मिनलला. रिसीव्हरच्या मागे नको, तिथे प्रोब घसरून शॉर्ट होतो. आलेल्या आकड्याला १० ने गुणा, वर्ग करा, ओहमने भागा. १.५ व्होल्ट आले तर शिखराला १५. २२५ भागिले ८, म्हणजे २८ वॅट. साध्या मीटरवर १ किलोहर्ट्झचा टोन लावू नका, स्वस्त मीटर तिथे चुकतात.

चार_ओहम

मोजणी छान, पण ती २०० हर्ट्झची. रूम करेक्शनने (खोलीप्रमाणे आवाज आपोआप जुळवणाऱ्या सोयीने) १०० हर्ट्झला कमी पडणाऱ्या आवाजाचा खड्डा भरायला ६ डीबी वाढवले असतील तर तिथे चौपट वॅट लागतात, तुमच्या मीटरला पत्ताच नाही. १००, १५० आणि ३०० लाही मोजा, मोठा आकडा धरा आणि स्पीकरच्या इम्पिडन्स आलेखातला सर्वांत खालचा ओहम घाला. खड्डा भिंतीपासूनच्या अंतरामुळे असेल तर स्पीकर फूटभर हलवणं स्वस्त.

एवढं करूनही कमी पडलं तर पुढच्या तीन चॅनलला वेगळा पॉवर अँप. त्यासाठी रिसीव्हरला प्री-आउट (वेगळ्या अँपला सिग्नल देणारी मागची भोकं) हवेत, आणि स्वस्त मॉडेलला बहुतेक फक्त सबवूफरचाच असतो, म्हणून घेतानाच मागची बाजू बघा. अँपचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) २९ डीबीच्या आसपास असला की १ व्होल्टला २८ व्होल्ट, ८ ओहमला १०० वॅट. स्टेजचे अँप स्वस्त पडतात, पण त्यांचा पंखा शांत प्रसंगात ऐकू येतो.

गिरगाव_वायरिंग

आणि अँप जोडल्यावर माइक लावून कॅलिब्रेशन पुन्हा करा. गेन बदललेला असतो. जुनीच सेटिंग ठेवली तर पुढचे तीन ओरडतात आणि मागचे दोन गप्प.