पाच किलोमीटरची मर्यादा कशासाठी

वर कोणीतरी लिहिलंय की ब्रिटनचे अणुकेंद्र-पोलीस म्हणजे बंदूकधारी वॉचमन. हे पटलं नाही. हे दल, म्हणजे सिव्हिल न्यूक्लिअर कॉन्स्टॅब्युलरी, 2004 च्या एनर्जी अ‍ॅक्टखाली उभी राहिली, एप्रिल 2005 पासून कामाला लागली, आणि तिच्या शिपायाला पोलिसाचे पूर्ण अधिकार आहेत. मात्र अणुकेंद्रात आणि त्याच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंतच. अणुसामग्री प्रवासाला निघाली की तिच्या रक्षणासाठी हे अधिकारही सोबत जातात. मला यातली खरी महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कुंपणाआडच्या अणुभट्टीपेक्षा रस्त्यावर, रेल्वेत, जहाजावर असलेलं प्लुटोनियम जास्त उघडं असतं. 1999 मध्ये जपानला मॉक्स (प्लुटोनियम आणि युरेनियमचं मिश्र) इंधन नेणाऱ्या दोन जहाजांवर या दलाच्या आधीच्या अवताराचे सशस्त्र पोलीसच होते.

घुसखोरीच्या बाबतीतही अणुकेंद्रांना वेगळा नियम आहे. इंग्लंडात दुसऱ्याच्या जागेत नुसतं शिरणं हा एरवी फौजदारी गुन्हा नाही. 2003 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते सायझवेल बी या अणुवीज केंद्राच्या घुमटावर चढले होते. आता परवानाधारक अणुकेंद्रात नुसतं शिरलं तरी गुन्हा होतो.

आपल्याकडे तारापूरला सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) असते. तिचा जवान वॉरंटशिवाय पकडू शकतो, पण आरोपीला विनाविलंब स्थानिक पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

मला काळजी वाटते ती ब्रिटनच्या कायद्यातल्या 2023 च्या बदलाची. मंत्र्यांच्या संमतीने तिथलं हे अणुकेंद्र-पोलीस दल आता अणुक्षेत्राबाहेरही वापरता येतं. सशस्त्र दलाला आखून दिलेली हद्द इतक्या सहज सैल करू नये.