मदत हवी आहे : गावचं सांडपाणी गोदावरीत जाऊ नये म्हणून ग्रामपंचायतीला अनुदान कुठून मिळेल? (निफाड तालुका)

काठावरचा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर, नांदूरमध्यमेश्वरच्या वरच्या अंगाला. वस्ती साधारण २८०० ची. गावातली दोन्ही गटारं पाराच्या मागे एकत्र होतात, तिथून ओढ्यात पडतात आणि ओढा नदीत. पूर्वी या गटारांना पाणी असं नसायचंच. घरोघरी नळ आले, न्हाणीघरं झाली, वॉशिंग मशीन आल्या, आणि आता ओढा भर एप्रिलमध्येही वाहतो. पाणी काळं, वर साबणाचा फेस. ओढा नदीला मिळतो तिथे पाणवेल (जलपर्णी) इतकी दाट झालीय की भोई लोकांना जाळं टाकायला जागा उरलेली नाही.

दुसरं म्हणजे द्राक्षं. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात आणि ब्लोअर (ट्रॅक्टरवरची फवारणीची यंत्रं) धुवायला सगळे ट्रॅक्टर ओढ्यावर. मोरचुदाचं निळं पाणी सरळ खाली जाताना दिसतं. औषधांच्या रिकाम्या बाटल्याही तिथेच पडलेल्या.

गावात विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं : "वरून अख्ख्या नाशिक शहराची घाण येते, आपल्या गटारानं काय फरक पडतो?" मुद्दा अगदीच खोटा नाही, पण आमच्या पाणीपुरवठ्याची विहीर ओढ्याच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर आहे. शहराचं शहर बघेल. विहिरीचं आम्हालाच बघावं लागणार.

आम्हा तरुणांचं एक मंडळ आहे, नोंदणीकृत. एका कार्यालयात "नदी प्रदूषण रोखण्यासाठी निधी मिळावा" असा अर्ज दिला होता. उत्तर आलं, अशी योजना आमच्याकडे नाही. सरपंच ताई करायला तयार आहेत, पण पैसा कुठल्या खात्यातून मागायचा हे त्यांनाही माहीत नाही. नदी संवर्धन, माझी वसुंधरा, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा), कुंभमेळा, आमदार निधी अशी नावं जो तो सांगतो. यातलं आमच्यासारख्या गावाला नेमकं काय लागू पडतं? कोणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर कृपया सांगा.

पंचवटीचा पक्या

सिंहस्थाचे कोट्यवधी रुपये आलेत ना भाऊ, त्यातूनच मागा की!

अंदाजपत्रक

पक्या, ते पैसे नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या आराखड्याला बांधलेले आहेत. निफाडच्या ओढ्यासाठी त्यांच्यामागे फिरण्यात सिंहस्थ उलटून जाईल.

काठावरचा, मी शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, हीच कामं केली आहेत. सविस्तर लिहितो.

तुमचा अर्ज परत आला कारण तुम्ही नदी मागितली. ग्रामपंचायतीच्या पातळीवर नदी प्रदूषण असं लेखाशीर्षच (सरकारी हिशेबातलं खर्चाचं खातं) नाही. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेचे प्रस्ताव राज्य सरकारकडून केंद्राकडे जातात आणि खर्च ६०:४० वाटून घेतला जातो. त्यातून शहरांची मलनिस्सारणाची कामं होतात. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, आणि गोदावरी त्यात आहेच. पण यादीत नदी आहे म्हणून काठावरच्या गावाच्या खात्यात पैसे पडत नाहीत. तुम्ही मागायचं ते गटाराचं, म्हणजे सांडपाणी व्यवस्थापनाचं काम. त्याला पैसा आहे.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ चा निकष असा : पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत, घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत. पाच हजारांच्या वर गेलात तर सांडपाण्याला ६६० आणि घनकचऱ्याला ४५. तुमचे २८०० गुणिले २८०, म्हणजे ७ लाख ८४ हजार. यातले ३० टक्के, म्हणजे २ लाख ३५ हजारांच्या आसपास, ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून घालायचे. उरलेले मिशनमधून.

वित्त आयोगाचं गणितही समजून घ्या. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायची, होती. त्यातली निम्मी स्वच्छतेला, निम्मी पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांना. म्हणजे तुमचं गटाराचं काम पहिल्या निम्म्यात थेट बसतं, आणि तळ्यातलं पाणी पुढे शेतीला किंवा झाडांना दिलंत तर दुसऱ्या निम्म्यावरही हक्क सांगता येतो. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू. जुन्या निधीतलं खात्यावर किती शिल्लक आहे ते ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतं, त्यासाठी माहिती अधिकार टाकायची गरज नाही. आधी ते बघा, मगच भाऊसाहेबांशी (ग्रामसेवकांशी) बोला. बोलण्याचा सूर बदलतो.

काठावरचा

साहेब, हे कोणी इतकं उलगडून सांगितलंच नव्हतं. पण पावणेआठ लाखांत होतं काय? एका ओळखीच्या ठेकेदाराने यंत्रवाला प्रकल्प सुचवला, आकडा ऐकून सरपंच ताई गप्पच झाल्या.

कर्दळ

यंत्राच्या नादी लागू नका हो! मी पाणलोटाच्या कामात बरीच वर्षं होते. अशी बंद पडलेली यंत्रं गावोगाव पाहिलीत. वीजबिल थकलं की मोटार बंद, मोटार बंद की पाणी पुन्हा ओढ्यात. उद्घाटनाची पाटी तेवढी चकचकीत असते.

तुमच्या वस्तीला स्थिरीकरण तळं पुरतं. गटाराच्या तोंडाशी लोखंडी जाळी, मग गाळ बसायला टाकी, मग तळं, आणि शेवटी खडीचा वाफा. त्या वाफ्यात कर्दळ लावायची. मुळांभोवती पाणी खेळतं आणि बाहेर येताना वास गेलेला असतो. वीज लागत नाही, फक्त जाळी रोज साफ करायची आणि गाळ वर्षाकाठी काढायचा. जाळीवर काय काय अडकतं ते एकदा उभं राहून बघा : शाम्पूच्या पुड्या, भाताची शितं, केसांचे पुंजके, पोरांच्या चपला. यातलं निम्मं घरातच थांबवता येतं. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवायला कुठलं अनुदान लागतं?

अंदाजपत्रक

कर्दळताईंशी सहमत. मापं देतो. जलजीवनच्या निकषाने माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे तुमच्याकडे रोज एक लाख लिटरच्या थोडं वर. सात दिवस पाणी थांबवायचं आणि खोली सव्वा मीटरच्या आत ठेवायची म्हटलं तर पाण्याखालीच सहा गुंठ्यांच्या वर जागा जाते. बांध, वाफा, गाळ काढायला ट्रॅक्टरची वाट धरून दहा ते बारा गुंठे बघा. आतापासून सांगतो, पैशाआधी तुमचं काम जागेवर अडेल.

जागा गावठाणातली असेल तर उत्तम. गायरान असेल तर महसूल खात्याची परवानगी लागते. कोणी खाजगी जागा देत असेल तर तोंडी शब्दावर राहू नका, बक्षीसपत्र करून घ्या. पुढच्या पिढीत भाऊबंदकी झाली की पहिली नांगरट तळ्यावर येते.

दिंडोरीकर

शोषखड्डे का नाही? आमच्याकडे रोजगार हमीतून घरोघर केले. पैसाही सुटा मिळाला.

अंदाजपत्रक

तुमच्याकडे मुरमाड जमीन, तिथे चालतात. निफाडच्या काठावर काळी माती, पाणी मुरतच नाही. त्यात पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की खड्डाच उलटा भरतो. वर यांची विहीर जवळ. गावाच्या चढावरच्या घरांना शोषखड्डे द्या, तेवढंच तळ्यावरचं ओझं कमी. खालच्या आळीला नको.

काठावरचा

आणि सीएसआर? नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये एवढ्या कंपन्या. मंडळाच्या नावाने अर्ज करता येईल का?

कर्दळ

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी यातलं काही एक असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के असे खर्च करावे लागतात. पाण्याची गुणवत्ता राखणं त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, म्हणजे विषय बसतो. पण मंडळाने पैसे घ्यायचे तर आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआरची कामं घेणाऱ्या संस्थांचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक आणि तशाच कामांचा तीन वर्षांचा अनुभव हवा. गणेशोत्सवाच्या जमाखर्चावर भागत नाही :) तुमचं मंडळ यात बसेल असं वाटत नाही. कंपनी स्वतः काम करून देऊ शकते, किंवा पात्र संस्थेमार्फत.

माझं मत विचाराल तर सीएसआरला तळं मागूच नका. ते सरकारी पैशातून होतंय. कंपनीकडे जे सरकारी चौकटीत बसत नाही ते मागा, म्हणजे तुमचा ब्लोअरचा विषय. ओढ्यापासून लांब, विहिरीपासूनही लांब, एक फरशी केलेली भरण-जागा : टाकी, पाण्याचा नळ, धुतलेलं पाणी साठवायला सिमेंटचा हौद. खर्च फार नाही आणि कंपनीला फोटोही मिळतो.

दिंडोरीकर

ब्लोअरचं मी सांगतो, आमच्या शेतकरी गटाने करून दाखवलंय. बाटली रिकामी झाली की तीनदा विसळायची आणि ते पाणी त्याच टाकीत ओतायचं. औषधाचे पैसे दिलेत, शेवटचा थेंब बागेवर पडू दे की! टाकी धुतलेलं पाणीही बागेच्याच कडेच्या ओळींवर मारून टाकायचं. निर्यातीच्या मालाला औषधांच्या अंशाची तपासणी असतेच, त्यामुळे मोठे बागायतदार ऐकतात. भाड्याने ब्लोअर चालवणारी पोरं ऐकत नाहीत, त्यांना दिवसाला जास्त एकर मारायचे असतात. त्यांच्याशी बागायतदारानेच बोलायचं : ओढ्यावर धुतला तर भाडं कापणार. सरपंचांनी दवंडी देऊन हे होत नाही.

काठावरचा

हे लई भारी. भाडं कापण्याचं कालच एका बागायतदार काकांच्या कानावर घातलं, ते लगेच तयार.

आता कागदांचा क्रम कसा? आणि माझी वसुंधरा राहिलं.

अंदाजपत्रक

माझी वसुंधरा २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे, पण ती स्पर्धा आहे. आधी काम, मग गुण, मग जमलं तर बक्षीस. ग्रामपंचायतीची नोंदणी जरूर करा, तळं झालं की गुण मिळतीलच, पण बक्षिसाच्या भरवशावर ठेकेदार बोलावू नका. आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनातून संरक्षक भिंत, रस्ता असं जोडकाम मागता येतं. तो कमी पडलेल्या पैशाला ठिगळ म्हणून ठेवा.

कागदांचं असं. पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत विषय घ्या, मग ग्रामसभेत ठराव. ठरावात जागेचा गट क्रमांक आणि "देखभाल ग्रामपंचायत करील" हे वाक्य आलंच पाहिजे. ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात चढवून घ्या. आराखड्यात नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा हलत नाही, आणि बहुतेक गावं इथेच वर्ष घालवतात. नंतर पंचायत समितीच्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. अंदाजपत्रक करायला अभियंता येईल त्या दिवशी गटाराच्या तोंडाशी तुम्ही हजर राहा, आणि भर दुपारी बोलावू नका. सकाळी सात-आठला या म्हणावं. गावाचं सगळं पाणी त्याच वेळेला येतं. दुपारी कोरडं गटार बघून तळं लहान आखलं जातं.

त्याआधी विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. अहवाल ठरावाला जोडला की "फरक काय पडतो" म्हणणारे थोडे मऊ पडतात.

काठावरचा

खूप आभार सगळ्यांचे. सरपंच ताईंना धागा वाचून दाखवला. समितीची बैठक लावतोय, विहिरीचा नमुना उद्याच पाठवतो.

जागेचा एकच घोळ उरलाय. ओढ्यालगत गावठाणाची साडेअकरा गुंठे पडीक जागा आहे, मापात बसते. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पाणी घुसलं तेव्हा ती जागाही बुडाली होती. दुसरी जागा शाळेच्या मागे, उंचावर, पण गटाराचं तोंड तिच्या खाली राहतं.

अंदाजपत्रक

बुडणाऱ्या जागी तळं करू नका. एका पुरात सगळा गाळ नदीत जाईल आणि तुमच्या विहिरीतही. पाटबंधारे विभागाकडून पूररेषा मागवा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. निळीच्या आत तर नकोच.

शाळेमागच्या जागेचं असं करा : सगळं पाणी पारामागून उचलायला जाऊ नका, पंप आला की वीजबिल आलं. दोन गटारांपैकी वरच्या आळीचं गटार पाराच्या आधीच वळवून उताराने शाळेकडे नेता येतं का ते बघा. तसं झालं तर अर्धं गाव विनापंपाचं सुटलं. खालच्या आळीचं पाणी कमी, त्याला निळ्या रेषेच्या बाहेर छोटी टाकी आणि खडीचा वाफा पुरेल. लेव्हल घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. दोन्ही जागांचे उतारे काढून ठेवा आणि मला निरोप पाठवा, माझ्याकडे जुनं डंपी लेव्हल (जमिनीचा चढउतार मोजायचं यंत्र) आहे, एखाद्या रविवारी निफाडला येतो.

काठावरचा

या साहेब, जेवायलाच या. उतारे सोमवारी काढतो. वरच्या आळीत गटारावर दोन घरांनी पायऱ्या बांधल्यात, त्यांच्याशी आधी बोलून ठेवावं लागेल.