मदत हवी आहे: दार-खिडक्यांच्या यादीतलं माप नेमकं कुठून कुठपर्यंत धरायचं? चौकट, पल्ला, सिल, लिंटल समजावून सांगा

नमस्कार मंडळी. आम्ही वरोरा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागेवर विटांचं नवीन बांधून राहिलो, जोता झाला, भिंती खिडकीच्या खालपर्यंत आल्या आणि आता काम दारा-खिडक्यांवर येऊन अटकलं. ठेकेदारानं एक कागद आणून दिला, त्यावर डी १, डी २, डी ३, डब्ल्यू १, डब्ल्यू २, व्ही असं लिहून समोर मापं, आणि खाली सिल लेव्हल ३ फूट, लिंटल लेव्हल ७ फूट. म्हणते, "ताई, सही करून द्या, परवा चौकटीची ऑर्डर द्यायची हाय." मी विचारलं हे माप चौकटीच्या बाहेरून का आतून, तर म्हणे सगळीकडं असंच असते. सुतारदादा आले तर ते पल्ला, कब्जा, अल्ड्रॉप, होल्डफास्ट बोलतात. आणि माझे बाबा कवाड, बिजागरी, आगळ, गणेशपट्टी म्हणतात. तिघं एकाच दाराबद्दल बोलून राहिले का वेगळ्या गोष्टींबद्दल, हेच मला समजत नाही.

एवढं खोलात शिरायचं कारण म्हणजे बाबा. मागच्या दिवाळीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहेत. जुन्या घराच्या दारातून खुर्ची जायचीच नाही, मग दोघांनी त्यांना उचलायचं आणि खुर्ची घडी करून मागून न्यायची, त्यात त्यांच्या उजव्या हाताची बोटं चौकटीला घासून सालटं निघायची. ते एका शब्दानं बोलायचे नाहीत, आंघोळ घालताना मला दिसायचं. काल अंगणात टेप घेऊन खुर्ची मोजली, एका चाकाच्या बाहेरच्या कड्यापासून दुसऱ्या चाकाच्या कड्यापर्यंत साडेपंचवीस इंच भरली. कागदावर बाबांच्या खोलीचं दार डी २, अडीच फूट बाय सात फूट. म्हणजे ३० इंच, म्हणजे जाईल आरामात, असं मी धरून चालली होती. पण रात्री पडल्या पडल्या डोक्यात आलं, त्या ३० इंचातच चौकट बसवायची असेल तर?

तर ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सांगा, कागदावरचं माप कशाचं असते, सिल आणि लिंटल कुठून मोजतात, आणि सुतारांचे नि बाबांचे शब्द एकमेकांशी जुळवून द्या. आणखी एक, जुन्या घराची सागाची चौकट आबाजींच्या वेळची आहे, वरच्या पट्टीवर गणपती कोरलेला. बाबांची इच्छा आहे ती नवीन घरात लागावी. पण ती आतून उंचीला पाच फूट दोन इंचच आहे. काय करता येईल?

प्रतिसाद १ (वर्धा)

ताई, अजून सही करू नका. तुमची शंका बरोबर आहे.

डी म्हणजे डोअर, डब्ल्यू विंडो, व्ही व्हेंटिलेटर, म्हणजे आपला वरचा झरोका. १, २, ३ हे फक्त प्रकार. आता मापाचं, नकाशातलं माप सहसा भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेचं असते, म्हणजेच चौकटीच्या बाहेर-बाहेरचं. माणूस ज्यातून जातो ती जागा त्याहून कमी. तुमचंच दार घ्या. भिंतीतली जागा ३० इंच. चौकट चार बाय अडीचची असेल तर चार इंच भिंतीच्या जाडीत जातात आणि अडीच इंच दोन्हीकडून दाराच्या रुंदीत येतात. ३० मधून ५ गेले, राहिले २५. वरून पल्ला काटकोनात उघडा राहिला की त्याची जाडी अंदाजे पाऊण इंच आणखी खाते. सव्वाचोवीस. तुमची खुर्ची साडेपंचवीस. जाणारच नाही ती.

चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी जागा ९०० मिलिमीटर धरतात, म्हणजे तीन फुटाला थोडी कमी. तेवढी हवी तर भिंतीत साडेतीन फूट सोडा. ४२ वजा ५, ३७, पल्ल्याची पाऊण गेली, सव्वाछत्तीस उरते. नुसते तीन फूट सोडले तरी खुर्ची जाईल, पण बोटं पुन्हा घासतील, तेव्हा तो मोह करू नका. लिंटल अजून पडला नाही हे तुमचं नशीब, चार विटा काढल्या की काम होते. लिंटल म्हणजे दार-खिडकीवरचा काँक्रीटचा आडवा बीम, वरच्या भिंतीचं वजन तोच घेते. दोन्ही बाजूला तो निदान सहा-सहा इंच भिंतीवर टेकला पाहिजे, म्हणजे साडेतीन फुटाच्या दाराला साडेचार फुटाचा लिंटल.

तुमच्याकडं काळी माती असेल तर तुकड्या-तुकड्याचा लिंटल नकोच, सगळ्या भिंतीवरून सलग पट्टा फिरवून घ्या. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्या हालचालीनं खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते आणि चौकट काटकोनातून हलली की दार अडकायला लागते. आपल्याकडं लोक लाकूड फुगलं म्हणून रंधा मारत बसतात, खाली पाया हललेला असते.

सिल म्हणजे खिडकीचा खालचा काठ. सिल ३ आणि लिंटल ७, म्हणजे मधली खिडकी चार फूट उंच. हे दोन्ही तयार फरशीपासून मोजायचं, कच्च्या जोत्यापासून नाही. फरशी आणि खालचा मसाला मिळून तीनेक इंच चढते, आणि मिस्त्रीनं जोत्यावरून सात फूट धरले तर दार तेवढं बुटकं होते. हे मी दोन घरांत स्वतः पाह्यलं. सिलला बाहेरच्या बाजूला उतार द्यायला सांगा, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर आत एक बारीक खाच, म्हणजे पाणी उलटं वळून भिंतीवर येत नाही.

आणि बाबांच्या खोलीतल्या खिडकीची सिल तीन नका ठेवू, दोन फूट करा. खुर्चीत बसलेल्या माणसाला तीन फुटाच्या सिलवरून आभाळ दिसते, अंगण दिसत नाही.

प्रतिसाद २ (चंद्रपूर, सुतारकाम)

ताई, शब्दांचं मी सांगतो, आमच्या घरी तीन पिढ्या हेच काम आहे. पल्ला म्हणजेच तुमच्या बाबांचं कवाड, कोणी झडप म्हणते. कब्जा म्हणजे बिजागरी. चौकटीची वरची आडवी ती गणेशपट्टी, खालची आडवी तो उंबरठा. आगळ म्हणजे आतून आडवा टाकायचा दांडा, आता त्याच्या जागी टावर बोल्ट लावतात. अल्ड्रॉप ही बाहेरची मोठी सरकती कडी, कुलूप घालायची. होल्डफास्ट ही लोखंडी पट्टी, एक टोक चौकटीला स्क्रूनं, दुसरं फाटलेलं टोक भिंतीत काँक्रीटमध्ये, एका बाजूला तीन पाहिजेच. रिबेट म्हणजे पल्ला टेकायला चौकटीत पाडलेली अर्ध्या इंचाची खाच. चौकटीचे कोपरे कुसू (एका लाकडाची जीभ) आणि भोक करून जुळवलेत का, नुसते खिळे मारलेत, हे ऑर्डर उचलायच्या आधी पाहा. भिंतीला लागणाऱ्या बाजूला डांबर मारून घ्या, उधळी तिकडूनच शिरते.

बिल तपासायचा हिशोब पण सांगून ठेवतो. साडेतीन बाय सातच्या दाराला उंबरठा नसला तर दोन उभ्या आणि एक आडवी मिळून १७.५ फूट लाकूड लागते. चार बाय अडीचची चौकट असेल तर ते १.२ घनफुटाच्या आसपास, पाच बाय तीनची असेल तर १.८. याच्याहून फार जास्त लावलं तर विचारा.

खोलीला उंबरठा ठेवू नका. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा, आतमध्ये माणूस पडला आणि दार आत उघडत असलं तर त्याच्याच अंगानं दार बंद होते, बाहेरच्याला काही करता येत नाही. तिथं लाकूड नको, ग्रॅनाइटची चौकट लावा.

जुन्या चौकटीला हातोडीनं ठोकून पाहा, पोकळ आवाज आला का टोच्या घालून बघायचं. ठणठणीत असली तर फेकू नका बाप्पा, तेवढा मुरलेला साग आता मिळत नाही. आपल्या आलापल्लीकडचा सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशावरून गेला, लोक लांबून मागतात आणि आपण घरचा जाळतो. उंची वाढवता येत नाही, पण गणेशपट्टी काढून नवीन चौकटीच्या माथ्यावर पुढून बसवता येते. उभ्या दोन कापून देवघराच्या कामी येतील.

प्रतिसाद ३ (यवतमाळ)

एक गोष्ट कोणीच बोललं नाही, कूलर! मे महिन्यात चंद्रपूरकडं ४६-४७ डिग्री जाते, बाबा दिवसभर त्याच खोलीत असणार. डब्ल्यू २ सरकत्या काचेची असेल तर सांगते, दोन काचांच्या खिडकीत एका वेळी अर्धीच उघडते. चार फुटाची खिडकी, हवा दोन फुटातून. आमच्याकडं हेच झालं, कूलर बसेचना, मग एक काच काढून पुठ्ठा लावला, दोन उन्हाळे तसेच काढले. पल्ल्याची खिडकी घ्या. पण पल्ले बाहेर उघडतात आणि ग्रील आतून असते, म्हणून कूलर ज्या कप्प्यापुढं येणार तेवढ्या कप्प्याचं ग्रील नटबोल्टचं करून घ्या. आधी कूलरचं तोंड मोजा आणि मगच कप्पे पाडा. प्लग पॉइंट त्याच बाजूला.

मूळ धागा लिहिणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, दादा, ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी आज सकाळी सही करून बसली असती.

कागद घेऊन ठेकेदाराकडं गेली, माप बाहेर-बाहेरचं का आत-आतलं ते लिहून द्या म्हटलं. ते खरंच भिंतीतलंच निघालं, बाहेर-बाहेरचं. बाबांच्या खोलीचं दार साडेतीन फूट करायला तयार झाला, लिंटलच्या पट्ट्याचे पैसे वेगळे लागतील म्हणाला, भावाशी बोलून हो म्हटलं. खिडकीची सिल दोन फूट आणि फरशीपासून, हे पण त्याच कागदावर लिहून घेतलं.

घरी आल्यावर अंगणात विटांच्या दोन रांगा मांडल्या, मध्ये बरोबर सव्वाछत्तीस इंच, आणि बाबांना म्हटलं जाऊन पाहा. उजव्या हातानं चाक आणि उजव्या पायानं जमीन ढकलत गेले, कुठं हात लागला नाही, मग तिकडून वळून परत आले. जुनी चौकट ठोकून पाहिली, डावी उभी खालून एक वीत पोकळ आहे, बाकी सगळी ठणठणीत, गणेशपट्टी तर पूर्ण चांगली.

दादा, एकच राहिलं. बाथरूमचं दार बाहेर उघडलं की ते खोलीच्या दाराच्या पल्ल्यावर आदळते, दोन्ही एकाच कोपऱ्यात आहेत. बाथरूमच्या दाराचे कब्जे दुसऱ्या बाजूला घेतले तर खुर्ची वळवायला जागा राहील का, का तिथं सरकतं दारच लावू? नळाची भिंत उजवीकडं आहे. आणि साडेतीन फुटी पल्ल्याला कब्जे चार इंची चालतील का पाच इंचीच घेऊ? उद्या दुपारी सुतारदादा येणार आहेत.